पित्त, साहस आणि संकेश्वरचा शरद

संकेश्वर, निपाणी आणि गडहिंग्लज या सीमाभागातील मराठी बोलण्यात पित्त हा शब्द अनेक तक्रारींना एकदम कवेत घेतो. जेवणानंतर घशाशी येणारे आंबट पाणी, उन्हातून आल्यावर चढणारी अर्धशिशी, अंगावर उठणाऱ्या गांधी आणि घरातील कर्त्या माणसाचा क्षुल्लक कारणावरून भडकणारा राग, या सर्वांचे निदान घरातल्या घरात याच एका शब्दाने होते आणि त्यावर मोरावळा, गुलकंद किंवा आमसुलाचे पाणी हा उपायही तितक्याच तत्परतेने पुढे येतो. या निदानात शास्त्राचा अंश आहे आणि लोकसमजाचाही, आणि दोहोंची सरमिसळ इतकी जुनी आहे की ती वेगळी करून पाहण्याचे काम सहसा कोणी हाती घेत नाही. सततच्या कामाने माणूस आतून जळून रिकामा होतो, ज्या अवस्थेला आता मराठीतही ‘बर्नआउट’ म्हणू लागले आहेत, तिचा आयुर्वेदातील पित्तविचाराशी नेमका कोणता संबंध लागतो, आणि मिरची, तंबाखू व ऊस यांवर संसार चालवणाऱ्या या मुलखात तो विचार कितपत उपयोगी पडतो, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘पित्तप्रकृती संतुलित करणे’ हा अलीकडे रूढ झालेला प्रयोग शास्त्राच्या दृष्टीने सदोष आहे, कारण प्रकृती म्हणजे गर्भधारणेच्या वेळी दोषांच्या प्राबल्यानुसार ठरलेली आणि जन्मभर सोबत राहणारी शरीरमनाची घडण होय, आणि ती औषधाने बदलत नाही. बदलते ती विकृती, म्हणजे आहार, ऋतू, काम आणि मनोवस्था यांमुळे दोषांत झालेली तात्कालिक वाढ किंवा घट. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या वाग्भटाने अष्टांगहृदयात पित्ताचे गुण सांगितले आहेत, ते असे की ते किंचित स्निग्ध, तीक्ष्ण, उष्ण, लघु म्हणजे हलके, विस्र म्हणजे आमगंधी, सर म्हणजे पसरणारे आणि द्रव असते. हेच गुण ज्याच्या घडणीत अधिक असतात त्या माणसाची भूक-तहान तीव्र असते, ऊन त्याला सोसत नाही, केस लवकर पिकतात, तो शूर, मानी, चटकन रागावणारा आणि आश्रितांविषयी माया बाळगणारा असतो. हे वर्णन रोग्याचे नाही. कारखान्याची पाळी सांभाळणारा, बाजार समितीत सौद्याला उभा राहणारा, शाळा आणि शेती दोन्ही ओढणारा जो माणूस गावात ‘कामाचा’ म्हणून ओळखला जातो, त्याचे ते बरेचसे चित्र आहे, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत प्रकृती कोठे संपते आणि विकृती कोठे सुरू होते हे ओळखणे कठीण जाते.

पित्ताचा संबंध केवळ जठराशी जोडण्याची सवय हे या कठीणपणाचे दुसरे कारण आहे. शास्त्राने पित्ताचे पाच प्रकार मानले आहेत: अन्न पचवणारे पाचक, रसाला रंग देऊन त्याचे रक्त करणारे रंजक, दृष्टीत राहणारे आलोचक, त्वचेला कांती देणारे भ्राजक आणि हृदयात राहणारे साधक. यांपैकी साधक पित्त प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे. बुद्धी, मेधा म्हणजे धारणाशक्ती, आणि अभिमान यांच्या योगे मनात धरलेले कार्य सिद्धीस नेणे हे त्याचे काम वाग्भटाने सांगितले आहे, आणि या यादीत अभिमानाला दिलेली जागा विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. महत्त्वाकांक्षा, ईर्ष्येने काम पुरे करण्याची धमक, ‘हे मलाच जमले पाहिजे’ ही भावना शास्त्रकाराने दोष म्हणून बाजूला न काढता शरीराच्या एका कार्यकारी तत्त्वात बसवली. मात्र जे तत्त्व कार्य सिद्धीस नेते तेच वाढल्यावर जाळते, हेही पित्ताच्या सर्वसाधारण नियमातून ओघाने येते. सुश्रुतसंहितेत पित्ताहून अग्नी वेगळा आहे काय असा प्रश्न उपस्थित करून, शरीरात पित्ताखेरीज दुसरा अग्नी आढळत नाही असे उत्तर दिलेले आहे. अष्टांगहृदयाच्या चिकित्सास्थानात या अग्नीच्या भुकेचा क्रमही येतो: तो प्रथम आहार पचवतो, आहार न मिळाल्यास दोष पचवतो, दोष संपले की रस-रक्तादी धातू आणि शेवटी प्राण. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी कामाच्या नादात चुकलेले जेवण, संध्याकाळी पुन्हा चहा आणि तंबाखूची चिमूट, रात्री उशिरा झणझणीत जेवण, असा ज्याचा दिवस जातो त्याच्या बाबतीत हा क्रम वाचताना फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

बर्नआउट ही संज्ञा मात्र आयुर्वेदाची नाही आणि तिचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. न्यूयॉर्कमधील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली, मोफत दवाखान्यांत तळमळीने काम करणाऱ्या स्वयंसेवकांची जी गळून गेलेली अवस्था पाहिली, तिला हे नाव दिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि थकवा, कामाविषयी व माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना अशी तिची तीन अंगे ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची नोंद केली ती रोग म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ न निवळलेला ताण हे तिचे कारण मानून तिला व्यवसायाशी निगडित घटना म्हटले. आयुर्वेदातून या अवस्थेकडे पाहणाऱ्या लेखनात हा शेवटचा भाग बहुधा गाळला जातो आणि सगळा भार रोग्याच्या थाळीवर टाकला जातो, हे योग्य नव्हे.

चरकसंहितेत या अवस्थेच्या सर्वांत जवळ जाणारी कल्पना पित्ताच्या प्रकरणात सापडत नाही. ती शोष, म्हणजे शरीर सुकत जाण्याच्या व्याधीच्या निदानात सापडते. शोषाची चार कारणे तेथे दिली आहेत: साहस, वेगसंधारण म्हणजे नैसर्गिक वेग अडवणे, क्षय आणि विषमाशन म्हणजे अवेळी व अप्रमाण खाणे. साहस म्हणजे येथे स्वतःच्या बळापलीकडचे काम, आणि त्याची चरकाने दिलेली उदाहरणे मोठी मार्मिक आहेत: दुर्बळाने बलवंताशी झुंजणे, फार मोठे धनुष्य ओढणे, फार जड ओझे उचलणे, फार दूरपर्यंत पोहणे आणि फार बोलणे. शिक्षक, वकील आणि ग्रामपंचायतीचे कारभारी यांना या शेवटच्या उदाहरणात आपली जागा आपोआप सापडेल. या साहसाने प्रकुपित होतो तो वायू. वाग्भटाने ओजाच्या, म्हणजे सर्व धातूंच्या साररूप तेजाच्या क्षयाची जी कारणे दिली आहेत त्यांत कोप, भूक, चिंता, शोक आणि श्रम यांची नावे एकापाठोपाठ येतात, आणि अशा माणसाला भय वाटते, इंद्रिये दुखावल्यासारखी होतात, कांती जाते असे पुढे म्हटले आहे. ही दोन्ही वर्णने एकत्र वाचली असता असा निष्कर्ष काढावा लागतो की आज ज्याला बर्नआउट म्हणतात त्याचा आरंभ पित्तात होत असला तरी शेवट वातात होतो: पहिल्या टप्प्यात माणूस तापट, आग्रही, जळजळणारा असतो, आणि नंतरच्या टप्प्यात तोच कोरडा, भेदरट, निद्राहीन होतो. दोन्ही टप्प्यांवर एकच ‘थंड’ उपचार चालवणे ही सरसकट होणारी चूक असून, दुसऱ्या टप्प्यावर पोचलेल्या माणसाला केवळ थंड पदार्थ देत राहिल्यास वात वाढण्याचीच शक्यता अधिक, हे शास्त्राच्या तर्कानेच दिसते.

आता या विचाराला देशाची, म्हणजे भूमीची, जोड दिली पाहिजे, कारण आयुर्वेदात देश हा चिकित्सेचा एक घटक आहे. पाणथळ आणि दाट झाडीचा तो आनूप, कोरडा आणि विरळ झाडांचा तो जांगल आणि मधला तो साधारण, असे भूमीचे तीन प्रकार मानले असून आनूपात कफ, जांगलात वात बळावतो आणि साधारणात दोष सम राहतात, असे वाग्भट सांगतो. आंबोलीच्या धुवांधार पावसात उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करीत पूर्वेला घटप्रभेला मिळते, आणि या थोड्याच अंतरात पाऊस इतका झपाट्याने उतरत जातो की एकाच नदीच्या काठी आनूपापासून जांगलापर्यंतची भूमी पाहायला मिळते. संकेश्वर या उताराच्या मध्यावर आहे. भूमीच्या हिशेबाने ते साधारण देशात मोडावे. तेथील पित्ताचे मूळ मातीपेक्षा मातीत लावलेल्या पिकांत आणि त्या पिकांच्या वेळापत्रकात शोधावे लागते.

संकेश्वरी मिरची ही या भागाची ओळख. लांब, बारीक, सुरकुतलेली ही जवारी मिरची गडहिंग्लजच्या बाजारात सौद्याला येते, कांदा-लसूण चटणीत तिखटपणासाठी पडते, आणि मुख्यतः रंगासाठी घेतल्या जाणाऱ्या ब्याडगीपेक्षा बरीच तिखट असते. निपाणीची तंबाखू विडीसाठी प्रसिद्ध आहे. गंमत अशी की मिरची आणि तंबाखू या दोन्ही वनस्पती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आल्या, त्यामुळे चरक, सुश्रुत किंवा वाग्भट यांना त्यांची ओळखही नव्हती. त्यांच्या काळचा तिखटपणा मिरी, पिंपळी आणि सुंठ यांचा होता. चहाची गोष्ट तीच. तरीही शास्त्राची अडचण होत नाही, कारण ते पदार्थाला नावाने न ओळखता रसाने, वीर्याने म्हणजे शरीरावर होणाऱ्या उष्ण-शीत परिणामाने, आणि गुणाने ओळखते, आणि कटु, तीक्ष्ण, उष्ण या कसोटीवर मिरची आणि तंबाखू यांची जागा निश्चित करायला कोणा प्राचीन वचनाची गरज पडत नाही. आधुनिक शरीरशास्त्रही येथे विरोधी साक्ष देत नाही: तंबाखूतील निकोटिनमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते आणि आम्ल वर येते. ओली तंबाखू खुडताना तेच निकोटिन त्वचेतून शरीरात शिरून मळमळ, ओकाऱ्या आणि भोवळ येऊ शकते, आणि शेतात आलेली अशी भोवळ ‘पित्त झाले’ म्हणून लिंबू-साखरेच्या पाण्यावर निभावून नेली जाण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी पित्ताचे नाव घेणे म्हणजे खऱ्या कारणावर पडदा टाकणे होय.

पिकांहून अधिक महत्त्वाचे आहे ते वेळापत्रक. पित्त वर्षाऋतूत साठते, शरदात प्रकुपित होते आणि हेमंतात शमते, हा ऋतुचर्येचा पाया आहे. पावसाने गारठलेल्या शरीरावर आश्विन-कार्तिकातले, लोकभाषेतले ‘ऑक्टोबर हीट’चे ऊन एकाएकी पडते आणि साठलेले पित्त उसळते, अशी त्याची उपपत्ती आहे. या ऋतूत वाग्भट ऊन, दही, तेल, पोटभर जेवण, क्षार, तीव्र मद्य आणि दिवसाची झोप वर्ज्य करतो आणि भूक लागल्यावर हलके, गोड, कडू व तुरट असे अन्न सांगतो, ज्यात साळीचा भात, मूग, आवळा आणि पडवळ येतात. नेमक्या याच दिवसांत हिरण्यकेशीच्या खोऱ्यात सोयाबीनची काढणी उरकायची असते, तंबाखूची लागण सांभाळायची असते आणि साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायला लागतात. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना तीन पाळ्यांत अहोरात्र चालतो, आणि दिवसाच्या मध्याप्रमाणेच रात्रीचा मध्यही पित्ताचा काळ असल्यामुळे रात्रपाळीचा माणूस त्या वेळी जागा, भुकेला आणि उष्णतेजवळ असतो. शिवाय जागरण रूक्ष म्हणून वात वाढवते, म्हणजे दोन दोष एकाच वेळी चाळवतात. शास्त्र ज्या ऋतूत हात आखडता घ्यायला सांगते त्याच ऋतूत या मुलखाचे अर्थकारण सर्वाधिक श्रम मागते. कोजागरीच्या चांदण्यातले आटीव दूध हा शरदचर्येचा लोकपरंपरेत टिकलेला एक तुकडा आहे. बाकीची चर्या हंगामाखाली दडपली गेली.

आहाराच्या बाबतीत लोकसमज आणि शास्त्र यांच्यातले अंतर सर्वाधिक दिसते. दही-ताक थंड, म्हणून पित्तावर चांगले, ही समजूत जवळजवळ प्रत्येक घरात आढळते, परंतु शास्त्राच्या मते दही उष्णवीर्य आणि आम्लविपाकी, म्हणजे पचनानंतरही आंबटच राहणारे, असून शरदात ते स्पष्टपणे वर्ज्य आहे. ताकाची ख्याती मोठी असली तरी दाह, भोवळ, रक्तपित्त असलेल्यांना आणि उन्हाळ्याच्या काळात ते देऊ नये असे सुश्रुताने बजावले आहे. आंबट तेवढे पित्तकर, या नियमाला डाळिंब आणि आवळा हे अपवाद मानले गेले आहेत, आणि मोरावळ्याची प्रतिष्ठा या अपवादावर उभी आहे. याउलट जे तूप ‘जड’ म्हणून ताटातून हद्दपार झाले तेच पित्ताच्या चिकित्सेत पहिल्या स्थानी येते, आणि त्यानंतर येते विरेचन, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली दिलेले रेचक. घरोघरी चमचाभर घेतले जाणारे अविपत्तिकर चूर्ण मुख्यतः निशोत्तर या रेचक मुळाचे आणि साखरेचे बनलेले असते, ही गोष्ट ते रोज घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, हा प्रश्नच आहे.

पित्तचिकित्सेतील याहून विलक्षण भाग अन्नौषधाच्या पलीकडे आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात पित्तावरचे उपाय सांगताना सुगंध, हार, गच्चीवरचे चांदणे, मंद वारा, मनोहर गीत, पाण्याचे तुषार यांच्या जोडीला दोन माणसे येतात: ज्याच्या सहवासात कसलेही बंधन वाटत नाही असा मित्र, आणि बोबडे, अर्धवट कळणारे बोल बोलणारे मूल. या दोन उपचारांचे नीट चिंतन केले तर असे दिसते की दोघांपुढेही माणसाला काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. साधक पित्ताचे काम कार्यसिद्धीचे, तेव्हा त्याला विश्रांती मिळते ती अशाच ठिकाणी मिळणार, आणि मॅस्लॅक यांच्या प्रश्नावलीत माणसांविषयीचा कोरडेपणा म्हणून जे लक्षण मोजले जाते त्याच्या नेमके उलट टोकाचे हे औषध आहे. संकेश्वरसारख्या गावात संध्याकाळी शंकरलिंगाच्या देवळाकडे किंवा नदीकाठाकडे निरुद्देश जाऊन बसण्याची जी चाल होती ती या दृष्टीने पाहता वेळेचा अपव्यय ठरत नाही. मोबाइलवर पुढच्या दिवसाच्या सौद्याची बोलणी करीत तेथे बसणे मात्र उपचारात मोडणार नाही.

औषधांविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. या भागात सर्रास दिल्या जाणाऱ्या सूतशेखर रसाच्या मूळ पाठात पारा, गंधक, ताम्रभस्म आणि बचनाग आहेत, तेव्हा ते शेजाऱ्याच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने घेण्याचे औषध नव्हे. कामदुधा रसातील शंख, शिंपले, प्रवाळ यांची भस्मे रसायनदृष्ट्या प्रामुख्याने कॅल्शियमची संयुगे असून आम्ल शमवण्याचे त्यांचे काम समजण्यासारखे आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. छातीत दाब आणि घाम, डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, कारण नसता घटणारे वजन ही लक्षणे असतील तर पित्ताची चर्चा बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. जठरातील व्रणामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असू शकतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले, त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले, आणि अशा व्रणाला प्रतिजैविकच लागते. प्रकृतीच्या वर्गीकरणाला जनुकशास्त्राचा आधार शोधण्याचे प्रयत्न पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आणि नंतर दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतील संशोधकांनी केले आहेत. त्यांवरून प्रकृती ही कल्पना अभ्यासण्याजोगी ठरते, पण अमुक चूर्णाने कामाचा शीण उतरतो हे त्यातून सिद्ध होत नाही. बेळगावात १९३३ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि पित्त नेमके कोणाचे आणि कोणत्या टप्प्यावरचे हे ठरवण्यासाठी वैद्यापर्यंत जाणे या भागातील वाचकाला अवघड नाही.

शेवटचा प्रश्न ज्यांना स्वतःची चर्या ठरवता येत नाही त्यांचा आहे. निपाणीच्या परिसरातील विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, त्यामुळे जेवायला उठण्याचा वेळ थेट मजुरीतून वजा होतो. भूक आणि तहान हे वाग्भटाने न अडवण्याजोग्या तेरा वेगांत मोजले आहेत, आणि श्रमानंतर लागणारी धापही त्याच यादीत आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून बसलेल्या तंबाखू उत्पादकांचा प्रश्न दराचा होता, आणि दराची चिंता, जी ओजक्षयाच्या कारणांत ‘ध्यान’ म्हणजे सततचा घोर या नावाने बसते, ती पडवळाच्या भाजीने जात नाही. अम्लपित्त मुख्यतः आनूप देशात होते, म्हणून इतर उपायांनी न शमल्यास देश बदलावा, असा सल्ला काश्यपसंहितेत आहे. जमीन, कर्ज आणि कारखान्याचे सभासदत्व ज्याच्या नावावर आहे त्याला तो पाळता येणार नाही. त्याच्या हातात राहतो तो काळ. शरदातील दुपारी बारा ते तीन ही वेळ उन्हातून काढून घेणे, त्याआधी जेवणे, रात्रपाळीच्या मध्यावर चहाऐवजी काही खाणे आणि तंबाखूची चिमूट निदान उपाशीपोटी न लावणे, एवढे बदल घराच्या आत होऊ शकतात. पाळीतली जेवणाची सुट्टी आणि विडीचा दर मात्र कारखान्याच्या सभेत आणि मजुरीच्या वाटाघाटीत ठरतो, आणि पित्तावर लिहिणाऱ्या ग्रंथाला तेथपर्यंत जावे लागते.